'ट्वायलाइट'मधलं प्रेम आणि त्यावरची टीका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर शनिवारी दुपारी आठवी ते दहावीच्या मुलामुलींचा एक वाचनगट मी घेते. 'ट्वायलाइट' मालिकेवर जितके प्रश्न येतात तितके दुसऱ्या कुठल्याच पुस्तकावर येत नाहीत. मुली वहीचं पान फाडून चिठ्ठी देतात, त्यांच्या आया रात्री अकरानंतर व्हॉट्सॲपवर विचारतात, एखादे बाबा गटाच्या दाराशी थांबून हळूच विचारतात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं इथे एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. चारही पुस्तकांचा शेवट यात उघड झाला आहे. ज्यांना तो आधी कळायला नको असेल त्यांनी पुस्तकं वाचून मग इकडे यावं.

१. ताई, मी आई आहे, पुस्तकं वाचलेली नाहीत. गोष्ट काय आहे ते थोडक्यात सांगाल का?

स्टेफनी मेयर या अमेरिकन लेखिकेच्या चार मुख्य कादंबऱ्या आहेत: 'ट्वायलाइट' (२००५), 'न्यू मून' (२००६), 'इक्लिप्स' (२००७) आणि 'ब्रेकिंग डॉन' (२००८). त्यांवर २००८ ते २०१२ या काळात पाच सिनेमे निघाले. सतरा वर्षांची बेला स्वान फिनिक्सचं ऊन सोडून वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्क्स या सदा पावसाळी गावात वडिलांकडे राहायला येते. वडील चार्ली तिथले पोलीसप्रमुख. शाळेत तिला एडवर्ड कलन भेटतो. तो दिसतो सतरा वर्षांचा, पण जन्मलेला १९०१ साली. १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मरणाच्या दारात असताना त्याला व्हॅम्पायर करण्यात आलं. त्याचं कुटुंब माणसांचं रक्त पीत नाही, जनावरांचं पितं. पण बेलाच्या रक्ताचा वास त्याला वेड लावतो. म्हणजे ज्याला तिचा जीव घ्यावासा वाटतो, तोच तिच्यावर प्रेम करतो, आणि ही ओढाताण हाच सगळ्या कथेचा गाभा आहे. तिसरा कोन जेकब ब्लॅकचा. क्विल्यूट जमातीतला हा मुलगा पुढे लांडग्याचं रूप घेऊ लागतो.

२. टीका नेमकी कशावर आहे? प्रत्येक प्रेमकथेत थोडं वेड असतंच की.

असतं, आणि असायलाही हवं. पात्रं चुकतात म्हणून कुणी टीका करत नाही. चुकणाऱ्या माणसांशिवाय कादंबरी उभीच राहत नाही. टीका आहे ती पुस्तक त्या चुकीला काय नाव देतं यावर. पाळत ठेवणं, अडवणं, परस्पर निर्णय घेणं, जीव द्यायची धमकी देणं या सगळ्याला इथे एकच नाव मिळतं: प्रेम. ते सुद्धा खूप, इतरांना कधी मिळणार नाही इतकं प्रेम.

गटात आम्ही एक साधी कसोटी लावतो. बेला 'नाही' म्हणते ती जागा शोधायची आणि पुढचं पान वाचायचं. त्या 'नाही'चं पुढे काय झालं?

पहिल्याच पुस्तकातला प्रसंग घ्या. जीवशास्त्राच्या तासाला रक्त बघून बेलाला घेरी येते. थोड्या वेळाने तिला बरं वाटतं आणि आपली गाडी आपण चालवत घरी जाते म्हणते. एडवर्ड तिचं जाकीट धरून तिला स्वतःच्या गाडीकडे ओढत नेतो. ती पळून जाण्याचा विचार करते तर म्हणतो, पळालीस तर ओढून परत आणीन. ती चिडते आणि गाडीत बसते. गाडीत देब्यूसीचं संगीत लागलेलं असतं, तिला ते ओळखता येतं, त्यालाही ते आवडत असतं. दोन मिनिटांत राग विरतो आणि गप्पा सुरू होतात. तिचं 'नाही' कुठे गेलं हे वाचकाच्याही लक्षात राहत नाही. संगीत तेवढं राहतं.

३. तो रात्री तिच्या खोलीत येऊन तिला झोपेत बघत बसतो. मला तो भाग सगळ्यात जास्त रोमँटिक वाटला. त्यात वाईट काय?

हा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येक मुलीला मी आधी सांगते की तुला तसं वाटलं यात तुझं काही चुकलं नाही. लिहिलंच आहे तसं. आपण सगळं बेलाच्या डोळ्यांनी बघतो आणि बेला स्वतःच सांगते की आपण रागवायला हवं होतं, पण मनातून सुखावलो. तो किती वेळा आला होता, असं ती विचारते. जवळजवळ रोज रात्री, असं उत्तर येतं. मग तिला काळजी कसली वाटते? झोपेत आपण काय बडबडलो आणि त्याने काय ऐकलं याची.

आता क्रम बघा. त्या रात्री सुरू झाल्या तेव्हा दोघांचं काही जुळलेलंही नव्हतं. ती झोपलेली, खोली तिची, बाप शेजारच्या खोलीत, आणि आत कोण आलं आहे हे तिला माहीत नाही. २०२० साली आलेल्या 'मिडनाइट सन'मध्ये हीच कथा एडवर्ड सांगतो. त्यात खिडकी करकरते, तेव्हा पुढच्या वेळी तेल आणायला हवं असा विचार त्याच्या मनात येतो. मला त्या तेलाचीच जास्त भीती वाटली. भावनेच्या भरात एकदा चढून आलेला मुलगा वेगळा आणि आवाज होऊ नये म्हणून बिजागरीची सोय बघणारा वेगळा.

मुली विचारतात, तो काही करत तर नाही ना? खरं आहे, नुसता बसून बघतो. पण झोपेतल्या माणसाला 'जा' म्हणता येत नाही. तिच्या 'नाही'ला इथे जागाच ठेवलेली नाही.

४. इंजिनचा भाग काढून ठेवतो तो प्रसंग तिच्या सुरक्षिततेसाठीच आहे ना? जेकब खरोखरच धोकादायक असू शकतो.

'इक्लिप्स'मधला हा प्रसंग मी गटात सावकाश, जवळजवळ ओळीओळीने वाचून घेते. बेलाला जेकबला भेटायला ला पुशला, त्याच्या वस्तीवर, जायचं आहे. ती ट्रकमध्ये बसते, किल्ली फिरवते, गाडी सुरूच होत नाही. वळून बघते तर एडवर्ड शेजारच्या सीटवर, हातात इंजिनचा सुटा भाग. बेलाचं भविष्य दिसेनासं झालं हे त्याच्या बहिणीने, पुढचं पाहू शकणाऱ्या ॲलिसने, त्याला कळवलेलं असतं. भाग परत बसवून देईन, सकाळी शाळेला जाताना गाडी नीट असेल, असं तो शांतपणे सांगतो. आज रात्री मी यायला नको असेन तर खिडकी लावून घे, असंही म्हणतो. ती घरात जाते, दार आपटते, खिडकी धाडकन लावते. काळोखात त्या बंद काचेकडे बघत उभी राहते. मग एक सुस्कारा सोडून खिडकी सताड उघडते.

मुली हा भाग वाचताना हसतात. मग मी विचारते की हा ट्रक कुणाचा? बेलाचा, वडिलांनी दिलेला. त्या गावात कुठेही जायचं तर तिच्याकडे तेवढं एकच साधन. आणि धोका खरा असेल तर समजावता येतं, सोबत जाता येतं, भांडताही येतं. गाडी बंद पाडली की बोलण्याची गरजच उरत नाही.

पुढे तो शिकारीला जातो तेव्हा ॲलिस बेलाला घरी थांबवून ठेवते. त्याची लाच म्हणून ॲलिसला पिवळी पोर्शे मिळते. चार मैत्रिणींची रात्रीची मजा असल्यासारखं ते लिहिलं आहे, पण बेलाने कुठे जायचं नाही हे आधीच ठरलेलं आहे.

'तुझ्या भल्यासाठीच' हे शब्द आपल्या घरांतही मुलींना रोज ऐकावे लागतात. म्हणूनच इथल्या मुलींना एडवर्ड परका वाटत नाही.

५. पण तो नंतर माफी मागतो, तिला जेकबकडे जाऊ देतो. ते तुम्ही का मोजत नाही?

मोजते. टीकाकारांपैकी पुष्कळांनी तो भाग सोडून दिला आणि ते बरोबर झालं नाही. 'इक्लिप्स'मध्ये एडवर्ड आपलं चुकलं हे मान्य करतो, तिच्या निर्णयावर विश्वास ठेवायचं ठरवतो, पुढे स्वतः तिला व्हॅम्पायर आणि लांडगे यांच्यात ठरलेल्या हद्दीपर्यंत सोडायलाही जातो. पहिल्या पुस्तकातल्या एडवर्डपेक्षा हा बरा.

तरी 'जाऊ देतो' हे क्रियापद जरा तपासून बघा. तुमच्या प्रश्नातही ते सहज आलं आहे.

६. 'न्यू मून'मध्ये तो सोडून जातो आणि ती कोसळते. ब्रेकअप झाल्यावर असं होतंच ना?

दुःख होतं, आणि ते पुस्तकात उत्तम उतरलं आहे. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी अशी महिन्यांची नावं लिहिलेली जवळजवळ कोरी पानं येतात. ज्याने नैराश्य जवळून पाहिलंय त्याला ती पानं कळतात.

अडचण पुढे येते. जिवावर बेतेल असं काही केलं की आपल्याला एडवर्डचा आवाज ऐकू येतो, असं बेलाच्या लक्षात येतं. मग ती मोटरसायकल सुसाट सोडते आणि शेवटी कड्यावरून समुद्रात उडी मारते. तिकडे ती मेली असं समजून एडवर्ड इटलीतल्या व्होल्टेरा गावात स्वतःला मारून घ्यायला निघतो. तुझ्याशिवाय जगणं शक्य नाही, हे दोघंही शब्दशः जगतात आणि त्याचं बक्षीस म्हणून एकमेकांना परत मिळतात. पंधरा वर्षांच्या वाचकाच्या मनात ही जुळणी पक्की बसू शकते: मी स्वतःला इजा केली तर तो येईल. गटात या एका ठिकाणी मी मुलांची मतं ऐकत थांबत नाही, स्पष्ट बोलते. असे विचार मनात येत असतील तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो मोफत आहे आणि रात्रीसुद्धा लागतो.

आणखी एक. तो जातो तेव्हाही ते 'तिच्या भल्यासाठी'च असतं. तिला न विचारता, खोटं बोलून तो जातो. प्रश्न ४ मधलीच गोष्ट, फक्त दिशा उलटी.

७. मी टीम जेकब! तो तर एडवर्डपेक्षा चांगला आहे ना?

'न्यू मून'मधला जेकब चांगलाच आहे. गॅरेजमध्ये मोटरसायकली दुरुस्त करणारा, बेलाला पुन्हा हसायला लावणारा. म्हणूनच 'इक्लिप्स'मध्ये तो जे करतो ते जास्त लागतं.

ती नको म्हणत असताना तो तिची हनुवटी धरून जबरदस्तीने तिचं चुंबन घेतो. ती ढकलून बघते, त्याच्यापुढे ताकद चालत नाही म्हणून हात सोडून निश्चल उभी राहते. ते संपल्यावर ती त्याच्या तोंडावर ठोसा मारते आणि स्वतःचाच हात मोडून घेते. घरी आल्यावर वडील, म्हणजे गावचे पोलीसप्रमुख, जेकबलाच शाबासकी देतात. त्या जागी आमच्या गटातली एक मुलगी वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, "ताई, हे तर तिचे बाबा आहेत ना?" मला पुढे काही शिकवावं लागलं नाही.

नंतर लढाईला निघताना, आपण परत येणारच नाही असं सुचवून, तो बेलाकडून चुंबन मागून घेतो. त्या वेळी ती 'हो' म्हणते, पण तो 'हो' कसा मिळवला ते बघा. दोघांतला कोण बरा या वादात मुली तासन् तास रमतात. तिसरा पर्याय, म्हणजे दोघांपैकी कुणीच नको, हा त्या वादात येतच नाही.

८. एमिलीबद्दल कुणी बोलत का नाही?

फारसं कुणी बोलत नाही हे खरं. माझ्या मते मालिकेतला सगळ्यात गंभीर प्रसंग तोच आहे. एमिली ही लांडग्यांचा म्होरक्या सॅम उलीची होणारी बायको. तिच्या चेहऱ्याच्या एका बाजूने केसांपासून हनुवटीपर्यंत तीन लांब व्रण आहेत. त्यांनी डोळ्याचा आणि ओठाचा कोपरा खाली ओढला गेला आहे. बाहेर सांगायची गोष्ट अशी की अस्वलाने हल्ला केला. खरं काय तर सॅमचा रागावरचा ताबा क्षणभर सुटला, तो लांडगा झाला, आणि ती फार जवळ उभी होती.

'ती फार जवळ उभी होती.' घरात मार खाणाऱ्या बायकांच्या तोंडी हे वाक्य वेगवेगळ्या शब्दांत येत असतं: मीच त्या वेळी बोलायला नको होतं. सॅमला पश्चात्ताप आहे, तो तिच्या व्रणांची चुंबनं घेतो, आणि त्यांच्याकडे बघताना बेलाला इतकं खरं प्रेम बघवतही नाही.

पहिल्या पुस्तकाच्या शेवटी बेलाही असंच करते. पाय मोडला, अंगभर जखमा झाल्या, पण घरच्यांना सांगायची गोष्ट ठरलेली: जिन्यावरून पडले, खिडकीतून बाहेर गेले. तिथे तिला मारणारा एडवर्ड नव्हता, दुसराच एक व्हॅम्पायर होता. पण जिन्यावरून पडल्याची ही सबब सरकारी दवाखान्यातल्या कुठल्याही परिचारिकेला ओळखीची वाटेल.

९. इम्प्रिंटिंग म्हणजे काय? लहान बाळावर इम्प्रिंट होणं हे प्रेम कसं?

मालिकेतल्या लांडग्यांना एखाद्या व्यक्तीकडे पाहताच आयुष्यभराची ओढ लागते, तिला इम्प्रिंटिंग म्हटलं आहे. त्यांच्यातल्या क्विलला ती ओढ लागते दोन वर्षांच्या क्लेअरबद्दल. आणि 'ब्रेकिंग डॉन'मध्ये जेकबला लागते बेला आणि एडवर्डच्या नुकत्याच जन्मलेल्या मुलीबद्दल, रेनेस्मेबद्दल.

समर्थन करणारे सांगतात की त्यात वाईट भाव नाही. आधी तो दादा असतो, मग मित्र, मग जे तिला हवं असेल ते. बेला स्वतः जेकबला विचारते की त्या मुलीला निवड नाही का? आहे की, पण ती त्याला का निवडणार नाही, असं जेकबचं म्हणणं. हा युक्तिवाद नीट बघायला हवा. मुलगी जन्मल्यापासून एक माणूस तिच्याभोवती आहे, तिचा सगळ्यात जिव्हाळ्याचा माणूस तोच, ती मोठी झाल्यावर काय करणार हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे, आणि याला निवड म्हणायचं. लहानपणीच लग्न ठरवून टाकण्याची रीत आपल्याकडे होती. 'मोठी झाली की तिलाही आवडेल' असंच तेव्हाही म्हणत.

१०. हे क्विल्यूट लोक खरे आहेत का?

खरे आहेत. वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर ला पुश इथे त्यांची वस्ती आहे. लांडग्यांपासून आपण घडलो अशी त्यांची कथा आहे, पण इम्प्रिंटिंग तिच्यात नाही, ते लेखिकेचं. जिवंत जमातीचं नाव घेऊन तिच्या पुरुषांना न आवरणारे, चिडले की हिंस्र होणारे दाखवायचं आणि गोऱ्या, श्रीमंत कलन घराण्याला संयमाचा पुतळा करायचं, यावरही सडकून टीका झाली आहे. सॅमच्या प्रसंगाकडे (प्रश्न ८) या बाजूनेही बघायला हवं.

११. एडवर्ड शंभर वर्षांचा आणि बेला सतरा. पण तो दिसतो तर सतराचा, मग काय बिघडलं?

व्हॅम्पायरकथेत हा पेच नेहमीचाच आहे. चेहरा कोवळा, अनुभव म्हाताऱ्याचा. वाचताना आपण चेहरा धरून चालतो. पण दोन पदव्या घेतलेला, शतकभर माणसांची मनं वाचलेला, अमाप पैसा असलेला माणूस आणि शाळेत जाणारी मुलगी, यांच्यात कोणाचं ऐकलं जाणार हे उघड आहे. वॉशिंग्टन राज्यात संमतीचं वय १६ आहे. भारतात पॉक्सो कायद्याने १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक. कायदे वेगळे असले तरी वर्षांपेक्षा मी मुलांना दुसरंच मोजायला सांगते: दोघांत माहिती कोणाकडे जास्त, पैसा कोणाकडे, आणि भांडण झालं तर घरी पोचवायची गाडी कोणाची.

१२. हनिमूनच्या रात्रीनंतर तिच्या अंगावर काळेनिळे डाग असतात. पण ती स्वतः राजी होती आणि तोच नंतर नकार देतो. मग ही हिंसा कशी?

हा खरोखर अवघड प्रश्न आहे आणि इथे मी टीकाकारांच्या एका टोकाला जात नाही. बेला अठरा पूर्ण केलेली आहे, धोका तिला ठाऊक आहे, तिची इच्छा आहे. डाग बघून एडवर्ड हादरतो आणि पुन्हा जवळ यायला नकार देतो. त्याचा इजा करायचा हेतू नव्हता.

तरी बेलाचं वागणं बघा. आरशात स्वतःला पाहिल्यावर पहिली काळजी असते त्याला वाईट वाटू नये ही. ती डाग लपवते, हे काहीच नाही म्हणते, आपण किती सुखी आहोत हे त्याला पटवत बसते. जखम तिची आणि समजूत ती त्याची काढते. हा भाग मी गटात घेत नाही, वय लहान आहे. पण मोठ्या मुलींनी विचारलं तर एवढंच म्हणते: दुखलं तर 'दुखलं' म्हणायची मोकळीक असणं हा संमतीचाच भाग आहे.

१३. लेखिका म्हणते की बेला आपल्या मर्जीने निवड करते आणि स्त्रीवाद म्हणजे निवडच. मग तुम्ही कोण ठरवणार?

लेखिकेचं म्हणणं मी हलकं घेत नाही. लवकर लग्न आणि मूल हवं असलेल्या मुलीला कमी लेखणं हा स्त्रीवाद नव्हेच. आणि बेलाचं एक 'नाही' पुस्तकात शेवटपर्यंत टिकतं. गरोदरपणी बाळ आतून तिच्या बरगड्या मोडत असतं, एडवर्डला ते काढून टाकायचं असतं, ती नाही म्हणते आणि एडवर्डच्या बहिणीच्या, रोझलीच्या, मदतीने आपलं खरं करते. शेवटी व्हॅम्पायर झाल्यावर तर तिचीच शक्ती सगळ्यांना वाचवते.

पण निवड म्हणजे समोर दोन-तीन तरी वाटा हव्यात. बेलाला कॉलेजची आस नाही, एडवर्डखेरीज कुणी जिवलग उरत नाही, आईशी फोनवर बोलणंही त्याच्याबद्दलचं काहीतरी लपवण्यासाठी. लेखिकेनेच एकेक वाट बंद केली आणि उरली ती तिने निवडली. माझी तक्रार बेलाशी नाही, त्या बंद केलेल्या वाटांशी आहे.

१४. मुलगा-मुलगी अदलाबदल केलेलं पुस्तक आहे म्हणतात. त्याने टीकेला उत्तर मिळतं का?

२०१५ साली मेयरनी 'लाइफ अँड डेथ' लिहिलं. त्यात साधा माणूस म्हणजे मुलगा ब्यू, आणि व्हॅम्पायर म्हणजे मुलगी ईडिथ. बेला सतत संकटात सापडते ती मुलगी आहे म्हणून नव्हे, माणूस आहे म्हणून, हे दाखवायचा हेतू होता. तेवढ्यापुरतं पटतं. पण कुणाच्या खोलीत न विचारता जाणं मुलीने केलं तरी तेच राहतं. आमच्या गटातल्या मुलांना मात्र या पुस्तकाचा उपयोग झाला. आपल्या खोलीत रात्री कुणी तरी बसलंय, हे ब्यूच्या जागी राहून वाचताना त्यांना पहिल्यांदा अस्वस्थ वाटलं.

१५. सगळ्याच व्हॅम्पायर प्रेमकथा अशा असतात का?

नाही. 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर' (१९९७–२००३) या मालिकेत व्हॅम्पायर मारणारी बफी आणि व्हॅम्पायर असलेला एंजल यांचं प्रेम होतं. एका रात्रीनंतर त्याचा आत्मा हरवतो आणि तो क्रूर होतो, तिला टोमणे मारतो, तिच्या माणसांना मारतो. मालिका याला एकदाही प्रेम म्हणत नाही. बफीला त्याच्याशी लढावं लागतं आणि ती लढते. धोकादायक प्रियकर दाखवूनही गोष्ट कशी सांगता येते, ते यातून दिसतं.

'द व्हॅम्पायर डायरीज' (२००९–२०१७) उलट्या दिशेला गेली. पहिल्याच सीझनमध्ये डेमन हा व्हॅम्पायर कॅरोलाइन या मुलीच्या मनावर ताबा मिळवून तिला वापरतो, तिचं रक्त पितो. ती गळ्याला स्कार्फ गुंडाळून वावरते. पुढे तोच नायक होतो आणि कॅरोलाइनच्या वाट्याला आलेलं मालिका जवळजवळ विसरून जाते. तो स्कार्फ मी विसरू शकलेले नाही.

१६. मुलींना काही आवडलं की लगेच त्यावर टीका होते. मुलांच्या मारामारीच्या गोष्टींवर कुणी का बोलत नाही?

बरोबर बोललीस. 'ट्वायलाइट'वरचा बराचसा राग नात्यांबद्दल नव्हताच, किंचाळणाऱ्या मुलींबद्दल होता. चमकणारा व्हॅम्पायर, भावुक भाषा, पोस्टर लावणाऱ्या पोरी, यांची टिंगल झाली. ती टीका नव्हे, ती मुलींच्या आवडीची हेटाळणी. तेरा-चौदाव्या वर्षी कुणीतरी आपल्याकडे पूर्ण लक्ष द्यावं, आपल्यातलं वेगळेपण त्याला दिसावं ही भूक खरी असते, आणि पुस्तकाने ती ओळखली. म्हणून तर या मालिकेच्या दहा कोटींहून अधिक प्रती खपल्या. भूक खरी आहे म्हणूनच ताटात काय वाढलं याची काळजी करायची.

१७. मग मुलीला वाचू द्यावं की नाही? मी पुस्तक काढून घेतलंय.

परत द्या. अमेरिकेतही ग्रंथालयांतून ही पुस्तकं हटवण्याच्या मागण्या झाल्या. तिथल्या ग्रंथालय संघटनेच्या २००९च्या यादीत 'ट्वायलाइट'चं नाव होतं. काढून घेतलेलं पुस्तक फोनवर पीडीएफ होऊन रजईखाली वाचलं जातं, आणि मग तुमच्याशी त्यावर बोलणं संपतं. शिवाय 'तुझ्या भल्यासाठी' न विचारता वस्तू काढून घेणं, याबद्दल प्रश्न ४ मध्ये लिहिलंच आहे.

त्याऐवजी सोबत वाचा. मी गटात प्रत्येकीला पेन्सिल देते. जिथे बेला 'नाही', 'नको', 'मला जायचंय' म्हणेल तिथे समासात टिंब, आणि पुढच्या दोन पानांत ते मानलं गेलं तर बरोबरची खूण. गटाची प्रत आता अशा टिंबांनी भरली आहे. एका मुलीने एका टिंबाशेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'इथे मला पण राग आला नव्हता.'

१८. पुस्तक वाचून मुली खरंच तशी नाती शोधतात का?

एका पुस्तकाने कुणाचं आयुष्य बिघडत नाही. मुली इतक्या कच्च्या नसतात. पण पाठलाग म्हणजे प्रेम, मुलगी नाही म्हणते म्हणजे लाजते, हे आपल्याकडे सिनेमातून, गाण्यांतून, मोठ्यांच्या चेष्टेतूनही कानावर पडतच असतं. त्या ढिगावर हे पुस्तक आणखी एक. आणि यावर बोलणारं माणूस घरात असेल तर तेवढ्यानेही फरक पडतो.

१९. 'फिफ्टी शेड्स' आणि हल्लीच्या डार्क रोमान्सचा याच्याशी काय संबंध?

थेट संबंध. 'फिफ्टी शेड्स' आधी 'ट्वायलाइट'च्या पात्रांवर लिहिलेलं चाहत्याचं लिखाण होतं. नंतर नावं बदलली. एडवर्डची पाळत आणि पैसा तिथल्या नायकाकडे, ख्रिश्चन ग्रेकडे, तसाच गेला. रील्सवर दिसणारी डार्क रोमान्सची नवी पुस्तकं त्यापुढची. ती प्रौढांसाठी असतात आणि मुखपृष्ठ मात्र शाळकरी मुलींना आवडेल असं असतं. विकत घेण्याआधी आतली सूचना वाचा.

२०. मला हे सगळं पटतं, तरी मी दरवर्षी पावसाळ्यात चारही पुस्तकं परत वाचते. मी चूक आहे का?

नाही. मीही वाचते. फोर्क्सचा पाऊस, ती ओली झाडं, गॅरेजमधल्या दुपारी मला अजून आवडतात. फक्त खिडकीच्या प्रसंगाशी आले की थांबते.

२१. माझ्या मैत्रिणीचा मित्र अगदी असाच वागतो. तिला एडवर्डचं उदाहरण दिलं तर ती म्हणते, "बघ, म्हणजे किती प्रेम करतो!" मी काय करू?

एडवर्डचं उदाहरण आता बाजूला ठेव. तो पुस्तकातला आहे, त्याच्या हातून शेवटी वाईट होणार नाही याची हमी लेखिकेने दिलेली असते. तुझ्या मैत्रिणीच्या मित्राची हमी कुणी दिलेली नाही.

'त्याला सोड' असं लगेच म्हणू नकोस, ती तुझ्याशी बोलणं बंद करेल आणि मग त्याचंच फावेल. त्याच्याबद्दल मत देण्याऐवजी तिला प्रश्न विचार. फोनचा पासवर्ड त्याला का माहीत आहे? शनिवारी तू आमच्याबरोबर आली असतीस तर तो काय म्हणाला असता? तू कधी नाही म्हणालीस का, आणि मग काय झालं? उत्तर लगेच मागू नकोस.

मुलगी स्पष्ट नको म्हणत असताना तिच्या मागे जाणं, पुन्हा पुन्हा संपर्क साधणं किंवा तिचा फोन, मेल, इंटरनेट यांवर नजर ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ प्रमाणे गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ती १८ वर्षांखालची असेल तर मुलांची हेल्पलाइन १०९८, मोठी असेल तर महिला हेल्पलाइन १८१, आणि तो दाराशी उभा असेल तर सरळ ११२ला फोन कर.

आणि हे एकटीने पेलू नकोस. एका मोठ्या माणसाला सांग: आई, मावशी, शिक्षिका, जिच्यावर तुझा विश्वास असेल ती. गुपित फोडलं म्हणून मैत्रीण काही दिवस रागावेल. रागावू दे. तिचा फोन आला की मात्र उचल, कितीही वाजले असले तरी.